बराबरमामांच्या कणकेचे गोळे

मामांची नजर माणसाच्या तोंडाकडे जायच्या आधी त्याच्या गाडीच्या चाकांकडे जायची. ताईला बघायला वाशीमहून पाहुणे आले, तेव्हा घरात सगळे मुलाला निरखत होते आणि मामा अंगणात त्यांच्या जीपच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. आत येऊन त्यांनी आईच्या कानात सांगितलं, की पोरगं सरळ आहे, चाकं कंपनीचीच ठेवलीत. आईनं कपाळावर हात मारला. लग्न मात्र तिथंच ठरलं आणि पुढं कितीतरी वर्षं मामा त्याचं श्रेय स्वतःकडे घेत राहिले.

कनेरगाव नाक्यावर, ढाब्याला लागून त्यांचं टायरचं दुकान होतं. काम झालं की ते दोन पावलं मागं सरकत, एक डोळा बारीक करत आणि ‘बराबर’ म्हणत. हा शब्द निघेपर्यंत गिऱ्हाइकानं चावीला हात लावायचा नाही, असा नाक्यावरचा रिवाज होता. त्यावरूनच त्यांचं नाव बराबरमामा पडलं. नव्वदचं दशक सरता सरता चकचकीत मॅकव्हीलची, म्हणजे मिश्रधातूच्या नक्षीदार चाकांची, हौस आमच्या भागात शिरली आणि पन्नाशीला टेकलेले मामा पुन्हा तरणे झाले. नांदेडहून नवं रिम आलं की समोरचा चहा थंड होऊन जायचा, जेवणाची आठवण राहायची नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला हाका मारमारून ते रिम दाखवत.

लोक फक्त बोल्टची भोकं मोजून चाक पसंत करत. मामा म्हणत, ‘‘भोकं जुळले म्हंजे चाक जुळलं न्हाई.’’ मग ते रिम पालथं घालत, त्याच्या काठांवर लाकडी पट्टी आडवी ठेवत आणि रिम जिथं गाडीला टेकून बोल्टनं आवळलं जातं, तिथपर्यंतची खोली मोजत. ही टेकायची जागा रिमच्या रुंदीच्या ऐन मध्यापासून किती सरकलीय, तो ऑफसेट. ती बाहेरच्या अंगाला फार सरकली तर चाक गाडीच्या पोटात शिरून आत घासतं. आतल्या अंगाला सरकली तर चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतं आणि माणसं बसून गाडी दबली की पत्रा टायरला कापतो. हे सांगताना ते दोन्ही तळहात एकमेकांवर सरकवून दाखवत. त्यात इतके रंगत, की ऐकणाराही नकळत आपले तळहात सरकवायला लागे.

पण शेवटचा निकाल कणकेचा. मामी दुकानामागच्या घरात पोळ्यांची कणीक मळायला बसल्या की मामा त्यातला गोळा पळवत, त्याचे लिंबाएवढे तुकडे मडगार्डच्या आतून चिकटवत आणि गिऱ्हाइकाचं सगळं खटलं गाडीत बसवून नाल्याच्या चढउतारावरून फेरी मारत. गोळा चेपला की चाक नापास. ‘‘आमच्या घरी आधी चाकं जेवतेत, मंग माणसं,’’ मामी करवादत. एकदा चिडून त्यांनी गव्हाचं पीठच लपवलं. मामांनी ज्वारीच्या पिठाचे गोळे लावले. ते पहिल्याच खड्ड्याला गळून पडले. घासल्याची खूण कुठं दिसेना, म्हणून मामा खुशाल ‘बराबर’ बोलून गेले. डोंगरकडा गावच्या त्या गिऱ्हाइकाचं टायर वाटेतच सोलून निघालं. त्याचं मूळचं चाक घेऊन मामा एसटीनं त्याच्या गावी गेले. त्यानंतर घरात ‘चाकांचा डबा’ म्हणून गव्हाच्या पिठाचा एक वेगळा डबा आला, आणि तो भरलेला ठेवायचं काम मामींनी न सांगता अंगावर घेतलं.

पुढं मी एक जुनी पांढरी गाडी घेतली. त्याच सुमारास ताईला, लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहिल्यावर, दिवस गेले होते. डॉक्टरांनी फार जपायला सांगितलं होतं आणि वाशीम-हिंगोली रस्ता तेव्हा नुसता खड्ड्यांचा होता. बाळंतपणाला तिला हिंगोलीला मीच आणणार, तेही थाटात, असं मी घरात जाहीर करून टाकलं. नांदेडला भोकं जुळणारी मॅकव्हील बसवली आणि तसाच नाक्यावर आलो. मामा गाडीभोवती अशा फेऱ्या मारायला लागले, की गाडी माझी की त्यांची तेच कळेना. मग त्यांनी गोळे लावले, मामींना, मला आणि ढाब्यावरच्या दोन दणकट ट्रकवाल्यांना आत कोंबलं आणि गाडी नाल्यावर घातली. परत येऊन पाहिलं तर मागचा गोळा सुरीनं कापावा तसा दुभंगला होता.

ताई काही एवढी जड नाही, एकटीच तर बसणार आहे, असं म्हणून मी हुज्जत घातली.

‘‘एकटी काहून? दोन जीव हायेत ते,’’ मामा म्हणाले. ‘‘खड्ड्यात गाडी दबतीच. टायर फाटलं तर कोनाला तोंड दाखवतू?’’

दुसऱ्याच दिवशी ते स्वतः नांदेडला जाऊन चाकं बदलून घेऊन आले. तीच चमक, तीच रुंदी, फक्त टेकायची जागा बाहेरच्या अंगाला. वाशीमहून येताना ते ताईशेजारी बसले होते. प्रत्येक खड्ड्याला खिडकीतून डोकं बाहेर काढून चाकाचा आवाज ऐकत आणि ताई पोट धरून हसे. नाक्यावर थांबून त्यांनी मडगार्डमधला गोळा काढला. तो होता तसा गोल होता. तो ताईच्या तळहातावर ठेवून ते ‘बराबर’ म्हणाले. पुढं हिंगोलीत ताईला सुखरूप मुलगी झाली.

ती मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी मामा गेले, दुकानात बसल्या बसल्याच. मला फार पोरकं झाल्यासारखं वाटलं. मामांच्या नावानं वंदना घ्यायला सगळे जमले, त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी दुकानासमोर पाहुण्यांच्या गाड्यांची रांग लागली होती आणि माझं कुठल्याच चाकाकडे बघायचं धाडस होत नव्हतं. ताई, भाऊजी आणि भाची परत निघाली तेव्हा मामी दारापर्यंत आल्या. भाऊजींच्या नव्या जीपला रुंद, झगझगीत चाकं होती.

‘‘ते मागचं चाक बाहेर येऊन राहिलं,’’ मामी म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्या घरात जाऊन चाकांचा डबा घेऊन आल्या आणि ओट्यावरच कणीक मळायला बसल्या. पांढऱ्या कपड्यांतले आम्ही सगळे दाटीवाटीनं जीपमध्ये बसलो आणि नाल्यावरून फेरी मारून आलो. गोळा दुभंगला होता.

‘‘काढा ते चाकं,’’ मामी म्हणाल्या. ‘‘लेकरू बसनार हाय त्यात.’’

भाऊजी जॅक आणायला गेले. दुकानात त्या जीपला बसणारी कंपनीची जुनी चाकं पडून होती, ती आम्ही चढवली. गोळे लावून पुन्हा फेरी मारली. मामींनी वाकून मडगार्डच्या आत पाहिलं, मग त्या दोन पावलं मागं सरकल्या आणि त्यांनी एक डोळा बारीक केला. चावीला हात न लावता आम्ही सगळे वाट बघत उभे राहिलो.