हुंगलेला डबा

आज सकाळी बायकोनं इडलीचं पीठ आंबलं का म्हणून हुंगून बघितलं, आणि मला औंढ्याच्या रस्त्यावरचा आमचा छोटा स्पिरिटचा कारखाना आठवला. मळीच्या टाकीत यीस्ट वाढावं म्हणून खालून हवा सोडायचो, पण साखरेच्या हिशोबानं निघायला हवं त्यापेक्षा अल्कोहोल रोज कमीच निघायचं. टाकीवर एक वयस्कर मामा होते. बंजारा तांड्यावरचे, म्हणून चोरीचा संशय त्यांच्यावरच गेला, आणि गेटवरच्या वॉचमनला त्यांचा डबा रोज हुंगत जा, असं मीच, कारखान्याच्या केमिस्टनं, सांगितलं. “सायेब, ते वरच्या पाइपातून हवेसंगं उडून जाऊन राहिलं,” ते म्हणाले होते. मी ऐकलं नाही. महिन्याभरानं तोच पाइप थंड पाण्याच्या ड्रममध्ये सोडून बघितला, तर पाण्याला स्पिरिटचा वास. मोजलं, तूट बराबर जुळली. धावतच सांगायला गेलो, तर जेवणाच्या सुट्टीत मामा टाकीला टेकून नुसतेच बसलेले. “मामा, डबा कुठंय?” “त्या दिसापासून आणतच न्हाई, सायेब. कुणी हुंगलेली भाकर खाववत न्हाई.” इडल्या झाल्याची हाक आत्ताच आली, भूक नाही म्हणून सांगितलं आणि अंगणात येऊन बसलो.