कोरडा खडू

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, "आजी, तिकडे जमिनीखालचं पाणी मोजणारी तू पहिलीच बाई होतीस ना? मग तू काय शोधलंस?" मी जेवणाचा विषय काढून ते टाळलं. आता लिहून सांगते.

ऐंशीच्या दशकात मी जळगावच्या सरकारी कचेरीत भूवैज्ञानिक होते. सुरुवातीला बाई विहिरीवर वाकते कशी हे पाहायला गावकरी गोळा व्हायचे. काम साधं होतं. टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजला ते बघायचं. त्यावरून पाणी किती खोल आहे ते कळतं. ठरलेल्या विहिरी दरवर्षी त्याच दिवसांत मोजायच्या. मी शिस्तीची, त्यामुळे आठ दिवस आधी प्रत्येक विहीरमालकाला पोस्टकार्ड टाकायची.

रावेरकडच्या एका आबांची विहीर माझी आवडती होती. केळीच्या बागेत, स्वच्छ, काठावर माझ्यासाठी धुतलेलं पोतं अंथरलेलं. आजूबाजूला नव्या बोअर होत होत्या, तरी आबांच्या विहिरीचं पाणी दहा वर्षं जवळजवळ हललं नाही. त्या नोंदींवर मी अहवाल लिहिला की या भागात काळजीचं कारण नाही. तो वाचून आणखी बोअरना परवानगी मिळाली.

नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात धुळ्याची बैठक रद्द झाली, म्हणून मी चार दिवस आधीच आबांकडे पोचले. त्यांचा चेहरा पडला. घर झाडलेलं नसताना पाहुणा आला की पडतो तसा.

"बाई, आज नका मोजू. कार्डात तर शुक्रवार हाये."

"त्यानं काय फरक पडतो, आबा?"

टेप पूर्ण सोडली. खडू पांढराच वर आला.

आबा लाजले. "कार्ड आलं की तुमी यायच्या आधी दोन दिवस बोअरचं पाणी हिरीत सोडतो आमी. तुमी एवढ्या लांबून पाणी पाहाले येता. तुमच्यापुढे रिकामी हिर कशी ठेवावी?"

"कधीपासून?"

"बोअर झाली तवापासून. बठ्ठेच करता, सारं गाव. त्या खालच्या आळीचा तर आधी गाळही काढतो."

मी बाकीच्या गावांतही विचारलं. कुठे करत होते, कुठे नाही. कोणी कधी केलं, ते कोणालाच नीट आठवत नव्हतं, त्यामुळे खऱ्या नोंदी खोट्यांतून वेगळ्या काढायला वाटच उरली नाही. मी साहेबांना लेखी कळवलं, परवानग्या थांबवा म्हणून. ते हसले. "मॅडम, दहा वर्षांचा आलेख तुमचाच. आता तुम्हीच म्हणता तो खोटा? पुढच्या वेळी पोस्टकार्ड टाका, पाणी येईल." कागद फाइलला लागला आणि परवानग्या चालू राहिल्या.

नंतर मी न कळवता जायची. दर खेपेला खडू कोरडा. आबांची बोअरही आटली, मग त्यांनी आणखी खोल मारली, तीही आटली. शेवटची गेले तेव्हा केळीच्या जागी वाळलेले खुंट उभे होते. आबांनी सवयीनं पोतं अंथरलं. "आमचं चुकलं का, बाई?" त्यांनी विचारलं. एवढं सगळं होऊनही त्यांना माझ्याकडून उत्तर हवं होतं, कारण मी शिकलेली होते. मी म्हणाले, "नाही आबा, तुमचं नाही." मग टेप सोडली. काय येणार ते दोघांनाही ठाऊक होतं, तरी सोडली, नोंद केली, तारीख घातली.

ती वही माझ्या कपाटात आहे. तिच्यातली शेवटची काही पानं तेवढी खरी आहेत. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.