उपाध्यक्षांची कायमची डिस्क

मंगळवार पेठेतला गोमटेश मगदूम साखर कारखान्यात कॉम्प्युटर चालवायचा. पेठेच्या मते तो कारखानाच चालवायचा. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं टाकून दिलेला तो खोलीभर पसरलेला अगडबंब कॉम्प्युटर, म्हणजे मेनफ्रेम, कारखान्यानं चौऱ्याऐंशी साली वाजतगाजत आणला. त्याला खरी डिस्क एकच. तिचे तुकडे पाडून ज्याला-त्याला स्वतंत्र डिस्क असल्याचा भास करून देणं, ही गोमटेशची विद्या. प्रकार, खऱ्या डिस्कवर सुरुवात कुठून आणि लांबी किती, एवढं टाइप केलं की डिस्क तयार.

अध्यक्ष गणपतरावांना त्यानं कायमच्या प्रकारातली डिस्क दिली. उपाध्यक्ष जोतीरामबापूंना तात्पुरती; काम संपवून बाहेर पडलं की ती पुसली जायची. बापू कॉम्प्युटरला लांबूनच नमस्कार करत, त्यामुळं त्यांचं काही अडत नव्हतं. पण ही भानगड त्यांच्या कानावर गेली.

"गणपतराव कायमचा आन् मी टेंपरवारी व्हय रं?"

"बापू, ते नुसतं डिस्कच्या प्रकाराचं नाव हाय."

"मग बदल की नाव!"

जागा तर उरली नव्हती. पण बापूंना 'नाही' म्हणायची प्रथा कारखान्यात नव्हती. गोमटेशनं बापूंची डिस्क कायमची केली आणि तिची सुरुवात सरळ अध्यक्षांच्या डिस्कच्या शेपटावर टाकली. तिथवर भरतंय कोण! शेतात लोक बांध कोरतात, यानं एसीत बसून कोरला.

वार्षिक सभेसाठी टायपिस्टनं अध्यक्षांचं भाषण त्यांच्या डिस्कवर चढवलं. ते नेहमीसारखंच लांबलचक, पार शेपटापर्यंत गेलं. मग बापूंचं भाषण बापूंच्या डिस्कवर चढलं, म्हणजे त्याच शेपटावर, तिथलं आधीचं पुसून. छापलेले कागद कुणी वाचून बघितले नाहीत.

गणपतरावांनाही वाचताना समजून घ्यायची खोड नव्हती. "कारखान्याच्या या भरभराटीचं सारं श्रेय," ते गरजले, "या निकामी अध्यक्षांनी आता खुर्ची सोडावी, अशी माझी ठाम मागणी हाय!"

मांडव टाळ्यांनी दणाणला. गणपतरावांनी हात जोडून त्या स्वीकारल्यासुद्धा.

चौकशी समिती बसली. गोमटेशनं घाम पुसत सगळं कबूल केलं. समितीतल्या वकिलांनी विचारलं, "या डिस्का खऱ्या न्हाईत म्हणता? मग नसलेल्या जागेवर अतिक्रमण कसं?"

त्या मुद्द्यावर गोमटेश निर्दोष सुटला आणि त्याच दिवशी त्याची बदली ऊस तोलायच्या काट्यावर झाली. तिथं एका बैलगाडीवर दुसरी चढवायला त्याला कुणी सांगत नव्हतं. मेनफ्रेमवर आता बापूंचा भाचा बसतो. त्याला अजून तो चालू करता आलेला नाही, त्यामुळं चुका पूर्ण थांबल्या आहेत.