जीपचं उजवं दार

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायलाच वाचतोय. मी इंजिनीअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. आवाज आला की बेअरिंग बघायचं, धूर आला की वायरिंग... एवढंच मला कळतं. भूत, आत्मा वगैरे कुणी बोलायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. आजही ‘असतं’ असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. फक्त घडलं ते सांगतो.

राहायला आम्ही जुळे सोलापूरला, मूळचे मंद्रूपचे. घरात मी, बायको वैशाली आणि अण्णा – माझे वडील. अण्णांनी आयुष्यभर ट्रक चालवला. पण हे घडलं त्याच्या दोन वर्षं आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कळायचं सगळं, पण तोंडातून ‘अं... अं...’ याच्यापुढे काही निघायचं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता बोलणं परत येईल असं धरून चालू नका.

मला जुन्या गाड्या घरीच खोलून नीट करायचा नाद. त्यातून उजनीच्या पाण्याकाठच्या, केमच्याही पलीकडच्या एका गावात जुनी डिझेल जीप असल्याचं आमच्या ग्रुपवर कळलं. विकणारा तरुण शेतकरी होता. म्हणाला, “चुलत्याची हाय. त्ये ॲटॅकनं गेले, तवापासनं शेडातच उभी हाय बगा.” याच्यापलीकडे त्याने काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. अण्णा तर त्या दिवशी घरीच होते.

जीप टेम्पोत टाकून आणली आणि अंगणात पत्र्याखाली उभी केली. माझ्या डोक्यात एकच होतं – ही अण्णांसाठी करायची. डावीकडे मागे झुकणारी सीट, धरायला दांडी, खाली रुंद पायरी. साध्या कारमध्ये त्यांना बसवताना फार हाल व्हायचे. जीप तयार झाली की त्यांना एकदा मंद्रूपला शेतावर घेऊन जायचं होतं.

दर रविवारी मी काम करायचो आणि अण्णा शेजारी खुर्चीत बसून बघायचे. चुकीचा पाना हातात घेतला की ‘अं!’ करून मान हलवायचे. त्या दोन वर्षांत आमच्यात जे काही बोलणं झालं ते एवढंच. पण ते होतं.

पहिले दोन-तीन रविवार ठीक गेले. मग माझ्या लक्षात आलं की अण्णा माझ्या हातांकडे बघतच नाहीत. ते ड्रायव्हरच्या सीटकडे बघतायत. रिकाम्या सीटकडे. समोरचा माणूस काही सांगत असला की आपण कशी मान डोलावतो, तशी मधूनच मान डोलवायचे. मी वैशालीला म्हटलं, “जुने दिवस आठवत असतील, स्टिअरिंग बघून.”

एप्रिल महिना. रविवार, दुपारचे चार वाजले असतील. मी जीपखाली उताणा पडून हँडब्रेकची केबल बसवत होतो. आणि माझ्या डोक्याशी, अगदी स्वच्छ आवाज आला –

“दार उगडंना म्हनतोय.”

अण्णांचा आवाज! दोन वर्षांनी. मी धडपडत बाहेर आलो, कपाळ चासीवर आपटलं, तेही कळलं नाही. “अण्णा! काय म्हणालात?”

त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. नजर त्या सीटवर. “वर जायचं हुतं त्येला,” ते म्हणाले. आणि मग सूर बदलला. एकदम हळू, आर्जवी... अण्णांना तसं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. “काशे, वर यायला निगालो हुतो गं... दार उगडंना.”

स्वयंपाकघरातून वैशालीने विचारलं, “अहो, कोण आलंय? चहा टाकू का?”

म्हणजे मला एकट्याला ऐकू आलं असं नाही.

मी अण्णांचे खांदे धरले. बोला, अजून बोला, माझं नाव घ्या म्हणून विनवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. “अं... अं...” बस्स. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

संध्याकाळी मी उजव्या दाराकडे गेलो. जीप आणल्यापासून काम करताना ते मी उघडंच टाकायचो, त्यामुळे आतून ते कधी उघडायची वेळच आली नव्हती. आत बसलो, लावून घेतलं, हँडल ओढलं. उघडेना. काच वर अडकलेली. डावं दार तर आधीच्या मालकाने तारेनं बांधूनच टाकलेलं होतं. वैशालीने बाहेरून उघडलं तेव्हा सुटलो. दाराचं आतलं कव्हर काढलं तर हँडलची सळई निसटून तळाशी पडलेली. बाहेरून ते दार सहज उघडायचं, आतून कितीही हिसके मारले तरी उघडणार नव्हतं.

हे मलाच माहीत नव्हतं. अण्णांना कुठून असणार?

जीप विकणाऱ्या त्या पुतण्याला फोन करून विचारलं, तुमच्यात काशी नावाचं कुणी आहे का. तो म्हणाला, “न्हाय बा. काकूचं नाव विमल.” मला जरा बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी गाडी नावावर करायला त्या विमलकाकूंचा अंगठा हवा होता म्हणून गेलो. साठीच्या पुढच्या, किडकिडीत बाई. कागद पुढे केले आणि मला राहवलं नाही. विचारलं, “काकू, काशी कोण?”

त्यांचा हात तसाच थांबला. “ह्ये नाव तुमाला कुणी सांगितलं?”

माहेरचं नाव होतं ते. नवरा एकटाच त्या नावाने हाक मारायचा, तीही चारचौघांत नाही. पुतण्यालासुद्धा माहीत नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं पोटाचं ऑपरेशन होतं, सोलापुरातच, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. नवरा म्हणाला, खाली जीपमध्ये जरा पडतो, तू बाहेर आलीस की वर येतो. संध्याकाळी पुतण्याने जाऊन बघितलं तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपल्यासारखे. गेलेले. “मला चार दिस कुणी सांगितलं न्हाय. म्या आपली रुसून पडल्याली. म्हनलं, बायकू मरता मरता वाचली तरी हा गडी वर येऊन बगंना...”

मला वाटलं, सांगितलं तर बाईच्या मनातला सल जाईल. मी सांगितलं. दाराचं, अण्णांचं, सगळं.

त्यांनी कागद बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, “व्हय. त्ये दार अडकायचंच. म्या लई येळा म्हनलं, दुरुस्त करा की.” आणि थोड्या वेळाने, अगदी बारीक आवाजात – “म्हंजे हाका मारल्या असतील की त्येंनी.”

पुतण्या खाली मान घालून बसला होता. काकूंनी अंगठा उमटवला, पदराला पुसला आणि आत निघून गेल्या. परतीच्या वाटेवर टेंभुर्णीपर्यंत मी स्वतःला शिव्या घालत होतो. नवरा आला नाही याचा राग त्या बाईला कसाबसा पेलवत होता. मी तोही काढून घेतला, आणि बदल्यात काय दिलं?

दार मी दुरुस्त केलं. त्यानंतर अण्णांनी ड्रायव्हरच्या सीटकडे तसं कधी पाहिलं नाही. दिवाळीनंतर जीप तयार झाली, अण्णांना मंद्रूपला नेऊन आणलं. वाटेत मी दोनदा विचारलं, “अण्णा, कोण होतं ते?” ते बाहेर ज्वारीकडे बघत राहिले. संक्रांतीच्या आत ते गेले.

डॉक्टर म्हणाले, अशा रुग्णांच्या तोंडून क्वचित एखादं वाक्य निसटतं. असेल. दाराचंही समजा त्यांच्या ट्रकवाल्या नजरेनं काहीतरी ओळखलं असेल. पण ‘काशे’? ते कुठून आलं, याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही. कुणाकडे असेल तर खरंच सांगा.

रात्रंदिवस छळतं ते मात्र वेगळंच आहे. अण्णांना तेवढंच बोलता आलं – तीन वाक्यं. तीही एका अनोळखी माणसाची, त्याच्या बायकोसाठी. त्यांचं स्वतःचंही कुणाला काही सांगायचं राहिलं असेलच ना...