डेनिसच्या घरी टीव्हीचा आवाज बंद असायचा

डेनिस गेल्याचा फोन तिच्या भावाने सईला केला, मला नाही. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये आमची नि तिची भिंत एक, डब्यांची देवाणघेवाण माझी, आणि बातमी मात्र आधी कॉलेजात जाणाऱ्या माझ्या लेकीला. सहा आठवडे झाले. दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर ही गोष्टही अजून सलते.

डेनिस शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवायची. निवृत्तीनंतर तिला एकच शिष्या उरली, आमची सई. सातवीत असताना ती डेनिसकडे मॅच बघायला जाऊ लागली आणि महिन्याभरात तिला ‘डेनिस मावशी’ म्हणायला लागली. नागपूरच्या सख्ख्या मावशीशी दोन मिनिटं फोनवर बोल म्हणून जिच्या मागे लागावं लागतं, ती हीच. मी पोहे केले की ‘नॉट हंग्री’, आणि भिंतीपलीकडे जाऊन मक्याचा पाव हादडून यायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्या घरात एक रीत होती. सारा देश जिच्यामागे वेडा झालाय, त्या गोऱ्या खेळाडूची मॅच लागली की डेनिस टीव्हीचा आवाज बंद करायची आणि कॉमेंटरी स्वतः करायची. का, ते मी एकदा विचारलं. “नीट ऐकत जा,” ती म्हणाली. “ती बास्केट करते तेव्हा ती हुशार, मेहनती. आमची काळी मुलगी करते तेव्हा म्हणे देवाने तिला शरीरच तसं दिलंय. म्हणजे आमच्या पोरींनी घाम गाळलाच नाही?” पण त्या गोऱ्या मुलीने लांबून चेंडू टाकला की पहिली टाळी डेनिसचीच असायची. मग लगेच प्रश्न, “छान. पास कुणी दिला?” पास बहुतेकदा एखाद्या काळ्या मुलीचा असायचा, आणि सईने तिचं नाव सांगितल्याशिवाय सुटका नसायची. डेनिसचा भाऊ कर्टिस मात्र त्या गोऱ्या मुलीचा पक्का चाहता. “तिच्यामुळे हॉल भरतायत, आपल्याच पोरींचं भलं होतंय,” असं तो म्हणायचा. “भरले, आनंद आहे. आधी रिकामे का होते, तेवढं सांग,” असं डेनिस म्हणाली की तो चिप्सच्या वाडग्यात डोकं घालायचा.

गेल्या उन्हाळ्यात माझा पन्नासावा वाढदिवस होता. जेवायला बसायची वेळ टळली, सई भिंतीपलीकडेच. मी तणतणत गेले आणि दारातूनच डेनिसला म्हणाले, “तुला त्या गोऱ्या पोरीचा हेवा वाटतो, बाकी काही नाही.”

कर्टिसने मान खाली घातली. डेनिस शांतपणे म्हणाली, “तिचा? अगं, तिचा शॉट मला फार आवडतो. असे शॉट मारणाऱ्या पोरी मी घडवल्यात. त्यांना बघायला कुणी यायचं नाही... माझा राग बघणाऱ्यांवर आहे.” मग माझ्याकडे बघून हळूच, “हेवा कुणाला वाटतोय, ते आपल्या दोघींनाही माहितीय.”

मी सईला हात धरून घरी आणलं. केक कापला, कुणाला गोड लागला नाही. त्यानंतर डबे जात-येत राहिले, पण दारातूनच. हिवाळ्यात तिचं दुखणं निघालं, मी सूप नेऊन द्यायची, उशी नीट करायची, आणि दर वेळी माफी तोंडाशी येऊन राहायची. रोज वाटायचं, उद्या मागू.

तिच्या अंत्यविधीला चर्चच्या दारात एका गृहस्थांनी विचारलं, “फॅमिली?” सई “येस” म्हणाली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. मी मागे. रडू आलं ते डेनिससाठी, पण सगळंच तिच्यासाठी नव्हतं.

परवा रविवारी सई आमच्या सोफ्यावर माझ्याशेजारी बसली. इतकी वर्षं मला नेमकं हेच हवं होतं. मॅच लागली तसा मी रिमोट घेऊन आवाज बंद केला. सईने माझ्याकडे पाहिलं. त्या गोऱ्या मुलीने लांबून चेंडू टाकला, तो बरोबर आत गेला. सईने टाळी वाजवली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, “नाइस. हू मेड दॅट पास, मावशी?”

उत्तर मला येत होतं. इतकी वर्षं भिंतीअलीकडून ऐकून त्या सगळ्या मुलींची नावं माझीही पाठ झाली आहेत. पण प्रश्न मला नव्हता.