चौथ्या मजल्यावरून आणलेला होकार

हॉस्पिटलात त्यांना सगळे वरखालीकाका म्हणत. लिफ्ट चालवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? एकवीस वर्षं ते एका लाकडी स्टुलावर बसून दिवसातून दोनेकशे वेळा वर जात होते आणि संध्याकाळी पाच वाजता न चुकता तळमजल्यावरच उतरत होते. ‘काका, इतकी वर्षं चढताय, पोचलात कुठे?’ हा विनोद प्रत्येक नवा डॉक्टर आपणच पहिल्यांदा केल्याच्या थाटात करायचा आणि काकाही तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

लिफ्ट जुनी होती, जाळीच्या दरवाजाची. मजल्याशी नेमकं थांबणं तिच्या स्वभावातच नव्हतं. दोन बोटं वर तरी थांबायची, नाहीतर खाली तरी. काका हँडल अर्धं सोडून, पुन्हा जरासं ओढून तिला फरशीशी अशी जुळवायचे, की स्ट्रेचरची चाकं धडकायची नाहीत. पोटाला ताजे टाके असलेल्या माणसाला ती दोन बोटं किती महागात पडतात, हे टाके घालणाऱ्यांना माहीत नव्हतं. काकांना होतं, आणि त्याचा त्यांना थोडासा गर्वही होता.

मग साथ आली. चौथा मजला बाकीच्या इमारतीपासून तोडला गेला आणि दोनपैकी एक लिफ्ट फक्त त्या मजल्यासाठी ठेवली. दुसऱ्या लिफ्टमनच्या घरी दोन लहान मुलं होती. काकांना कुणी विचारलं नव्हतं, तेच आपणहून म्हणाले, मी घेतो. माझी मुलगी तिच्या संसाराला लागली, घरी आम्ही दोघंच. मला विचाराल तर माणसाची निम्मी दुःखं अशीच, सकाळच्या वेळी, चांगल्या मनानं कबूल केलेली असतात.

काकांची बायको बेकरीत पाव पाकिटात भरायचं काम करायची. तिनं तक्रार केली नाही. बाहेरच्या खोलीत काकांचा पलंग लावला, आतल्या खोलीत स्वतःचा, आणि मधल्या दारात एक स्टूल ठेवलं. ती त्यावर ताट ठेवून मागे सरकायची, मग काका ताट उचलायचे. पस्तीस वर्षांचा संसार एका स्टुलावर आला होता.

चौथ्या मजल्यावर नातेवाइकांना बंदी होती. वॉर्डचा फोन कायम व्यस्त लागायचा आणि पेशंटच्या मोबाइलचं चार्जिंग दुसऱ्या दिवशी संपायचं. त्यामुळे तळमजल्यावर अडसर म्हणून बांधलेल्या दोरीच्या पलीकडे बसलेली माणसं लिफ्टकडे नजर लावून असायची. वर-खाली करणारा एकच माणूस होता. त्याच्यापाशी ती निरोप द्यायची. ‘पालथं झोपायला सांगा.’ ‘धाकटी पास झाली म्हणावं.’ सुरुवातीला वरच्या दाराशी एक सिस्टर यायची, काका तिला निरोप सांगायचे आणि पुढच्या फेरीत उत्तर मिळायचं. पंधरा दिवसांत ती सिस्टर दाराशी यायची बंद झाली. तिला तरी काय बोलणार? चौघींचं काम ती एकटी करत होती.

याच दिवसांत गाडीमास्तर आला. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. वय बेचाळीस, लग्न केलेलं नव्हतं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या, एका शब्दाला एक श्वास घेत तो काकांना म्हणाला, “उचलताना झटका नाही दिलात. माझे विद्यार्थी वर्षभर शिकूनही देतात.” चौथ्या मजल्यावर चाकं अलगद बाहेर गेली, तेव्हा त्यानं अंगठा वर करून दाखवला. काकांची आणि त्याची ओळख एवढीच, चार मजल्यांची.

त्याची आई खाली बाकावर बसलेली होती. तीस वर्षं एका शाळेत घंटा वाजवण्याचं काम केलेली बाई, ताठ बसायची आणि मोजकं बोलायची. तिनं काकांना पहिला निरोप दिला: जेवतोस का, विचारा. काका वर गेले. प्लास्टिकचा पडदा लोंबत होता, आत धावपळ होती, हाक मारली तर कुणी वळून पाहिलं नाही. ते खाली आले. ती उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहून काकांच्या तोंडून निघून गेलं, “जेवलो म्हणाला, मावशी.”

एवढंच. त्यात वाईट काय होतं? बाई खाली बसली, पिशवीतून डबा काढला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा स्वतः जेवली. काकांना बरं वाटलं. दिवसभरात त्यांना बरं वाटलेली तेवढीच एक गोष्ट होती, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच केलं. तिसऱ्या दिवशी त्यात थोडी भर घातली. पोरगा म्हणाला, इथलं जेवण म्हणजे पंक्चर टायर, चावलं तरी तसंच. बाई हसली. म्हणाली, हा अगदी त्याचाच बोल. नऊ दिवस काकांनी अशी उत्तरं आणली. चार मजल्यांच्या ओळखीतून त्यांनी एक अख्खा मुलगा उभा केला होता आणि तो रोज आईशी बोलत होता.

दहाव्या दिवशी दुपारी डॉक्टर खाली आले. दोरीच्या अलीकडून त्यांनी बाईला सांगितलं, की घशात नळी घालून मशीनवर ठेवायला हवं. निम्मी आशा आहे. नाही घातली तर काय होईल, सांगता येत नाही. एकदा घातली की त्याला बोलता येणार नाही. तासाभरात ठरवा आणि इथे सही करा. डॉक्टर वाईट नव्हते, दमलेले होते. कागद बाकावर ठेवून ते निघून गेले.

बाई कागद हातात घेऊन लिफ्टसमोरच्या दोरीपाशी आली.

“भाऊ, शरीर त्याचं आहे. मी कशी ठरवू? त्याला विचारून या. तो म्हणेल तसं करू.”

काका वर गेले. दार उघडून त्यांनी हाका मारल्या, जाळी हातानं बडवली. एक सिस्टर पळत जाता जाता हातानंच ‘मागे व्हा’ म्हणाली. पडद्यापलीकडे पलंगांची रांग धूसर दिसत होती, त्यातला गाडीमास्तर कोणता, तेही कळेना. खालून घंटा वाजायला लागली, दुसरं स्ट्रेचर खोळंबलं होतं. काकांनी हँडल ओढलं.

उतरताना त्यांनी ठरवलं होतं, की खरं सांगायचं. आत जाऊ दिलं नाही, विचारता आलं नाही. पण तिसरा मजला गेला आणि त्यांना तिचे पुढचे प्रश्न दिसायला लागले. ती विचारेल, मग नऊ दिवस कसं विचारत होतात? पंक्चर टायर कुठून आणलंत? दुसरा मजला गेला, पहिला गेला. जाळी उघडली, तेव्हा बाई दोरीला पोट टेकवून उभी होती.

“हो म्हणाला,” काका म्हणाले. “घाला म्हणाला.”

“आणखी काही?”

“म्हणाला, आईला सांगा, गाडी गॅरेजला टाकतोय. चार दिवसांनी घेऊन जा.”

बाईनं तिथेच, भिंतीला कागद लावून सही केली. अक्षर चांगलं होतं तिचं.

गाडीमास्तर आठ दिवस मशीनवर होता, मग गेला. त्याला खालीही काकांनीच आणलं. लिफ्ट फरशीशी तितकीच नेमकी जुळवली. आता त्याला झटका बसला काय आणि न बसला काय, पण हाताला वळण लागलेलं होतं.

साथ ओसरत आली, तेव्हा सुरुवातीला दाराशी येणारी ती सिस्टर एकदा जिन्यात बसून चहा पीत होती, काकाही शेजारी टेकले. बोलता बोलता गाडीमास्तरचा विषय निघाला. सिस्टर म्हणाली, नळी घालायच्या आधी तो चांगला शुद्धीवर होता. मास्क बाजूला करून दोनदा विचारलं त्यानं, आई खाली आहे का? माझ्या हातात दुसरा पेशंट होता हो काका, मी म्हटलं, पडून राहा. एवढं सांगून सिस्टर रडली, तोंड धुऊन कामाला गेली. काका मात्र त्या पायरीवरून उठलेच नाहीत. कुणीतरी येऊन त्यांना उठवलं.

म्हणजे त्याला विचारता आलं असतं. तो सांगू शकला असता. हो की नाही, ते त्याचं त्याला माहीत होतं, आणि त्याच्या वतीनं उत्तर दिलं एका स्टुलावर बसणाऱ्या माणसानं, लाज वाचवायला.

त्यानंतर काकांची झोप उडाली. अन्न तोंडात फिरायचं, घशाखाली उतरायचं नाही. एकदा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे त्यांनी लिफ्ट थांबवली आणि नुसते बसून राहिले. आत दोन नर्स होत्या, त्या घाबरल्या. काका म्हणाले, हँडल अडकलं. ते खोटं होतं. त्यांना वर जायचं नव्हतं आणि खालीही यायचं नव्हतं.

याच सुमारास हॉस्पिटलला कर्मचाऱ्यांच्या मनाची आठवण झाली. लिफ्टमधेच पोस्टर लागलं: दीर्घ श्वास घ्या, बातम्या कमी पाहा, आपल्या माणसांशी बोला. जुन्या एक्स-रे ठेवायच्या खोलीत एक समुपदेशक बाई बसू लागली. माणशी वीस मिनिटं. काका जाणार नव्हते, पण बायको हट्टाला पेटली. मधलं स्टूल कधीच निघालं होतं, तरी हा माणूस अजून पलीकडेच बसलाय, हे तिला दिसत होतं.

“तुम्ही मला सांगू नका काय झालं ते,” ती म्हणाली. “पण कुणाला तरी सांगा. मी रोज तुमच्याबरोबर थोडी थोडी मरतेय.”

काका गेले. समुपदेशक बाई तरुण होती, मनापासून ऐकणारी होती. पण काकांनी तिला झोप येत नाही, एवढंच सांगितलं. बाकीचं सांगितलं तर नोकरी जाईल, ही धास्ती. तिनं श्वासाचा व्यायाम शिकवला आणि निघताना म्हणाली, काका, काही मनात अडकलं असेल तर आत ठेवू नका. ज्या माणसाशी बोलावंसं वाटतं, त्याच्याशी बोलून मोकळे व्हा. बिचारीनं चांगलाच सल्ला दिला होता. पेशंटचं दुखणं काय, ते न कळता दिलेलं औषध होतं, इतकंच.

काकांना बोलावंसं वाटत होतं ते एकाच माणसाशी, गाडीमास्तरच्या आईशी. आणि ती दर गुरुवारी येत होती. आधी मृत्यूच्या दाखल्यासाठी आली, मग काही काम नसतानाही. काकांच्या चहाच्या सुट्टीत ती बाकावर बसायची आणि म्हणायची, सांगा ना पुन्हा, कसं म्हणाला तो. काका सांगायचे. ती मान हलवायची. मागच्याच गुरुवारी म्हणाली होती, एवढाच आधार आहे बघा मला, की मी नाही ठरवलं, त्यानं ठरवलं.

हे ऐकूनही काकांनी तोंड उघडलं. याला धैर्य म्हणायचं की काय म्हणायचं, ते तुम्ही ठरवा. पुढच्या गुरुवारी, ती शेजारी येऊन बसल्याबरोबर ते म्हणाले, “मावशी, त्या दिवशी मला आत जाऊच दिलं नाही. तो काही म्हणाला नव्हता. आधीचंही सगळं माझंच होतं.”

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं.

“गॅरेजचंही?”

“माझंच.”

समोरून एक फरशी पुसणारी बाई बादली घेऊन गेली, तिला वाट द्यायला आईनं पाय आत घेतले.

“म्हणजे त्याला कुणी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “आणि सही मी केली.”

काकांना ते सहन होईना. काहीतरी खरं, काहीतरी त्याच्याच तोंडचं तिला द्यावं म्हणून ते घाईघाईनं म्हणाले, की तो तुमची आठवण काढत होता, सिस्टरनं सांगितलं. आई खाली आहे का, असं दोनदा विचारलं त्यानं.

“मग त्याला काय सांगितलं?”

काकांनी हातातला चहाचा ग्लास बाकाखाली सरकवला.

“मी तर खालीच होते, भाऊ,” ती म्हणाली. “मी इथेच होते.”

ती ओरडली नाही, रडलीही नाही. उठताना तिनं बाकाचा हात धरला, आणि उठता येईना म्हणून पुन्हा बसली. काका तिला हात द्यायला पुढे झाले, तेव्हा तिनं आपला हात मागे घेतला. दुसऱ्यांदा ती आपली आपण उठली आणि भिंतीच्या आधारानं दारापर्यंत गेली.

संध्याकाळी काका घरी आले, हातपाय धुऊन पाटावर बसले आणि पोटभर जेवले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. उजेड होता तरी बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर आडवे झाले आणि त्यांना झोप लागली, ती थेट सकाळपर्यंत. पाच महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. बायको दोनदा येऊन बघून गेली. सकाळी चहा देताना तिचे डोळे भरून आले होते.

“बोललात वाटतं कुणाशी,” ती म्हणाली. “बरं वाटतंय ना?”

काकांनी स्वतःशी चाचपून पाहिलं. छाती मोकळी होती, डोकं हलकं होतं. खरोखरच बरं वाटत होतं. त्या बाईजवळ होता तेवढा एक आधार काढून घेऊन, तिला त्या सहीबरोबर एकटीला सोडून आपण रात्रभर घोरत पडलो होतो, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“हो,” ते म्हणाले. “बरं वाटतंय.”