भिंतीला इस्त्री

समोरच्या दारातल्या इस्त्रीवालीला एका रविवारी सकाळी मी भिंतीला इस्त्री करताना पाहिलं आणि बाईच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, असंच मला वाटलं. मी उशांचे अभ्रे न्यायला गेले होते. दार उघडंच होतं. ही स्टुलावर चढून, भिंतीला जुनी चादर लावून तिच्यावरून इस्त्री फिरवत होती. चादरीतून वाफा निघत होत्या.

"अगं, हे काय चाललंय?"

ती अशी दचकली की स्टूलच डगमगलं. "दादा यायचाय, काकू," एवढंच म्हणाली.

मग सगळं बाहेर पडलं. तिचं घर तिच्या सख्ख्या भावाच्या मालकीचं, आणि वरच्या मजल्यावरचंही त्याचंच. वरच्या न्हाणीतलं पाणी हिच्या भिंतीत मुरायचं. पहिल्यांदा तिने दादाला सांगितलं तेव्हा त्याने गवंडी पाठवून सिमेंट थापून घेतलं. पुन्हा ओल आली. पुन्हा सांगितलं, तर फोनवर वहिनी आली आणि म्हणाली, "तुमच्याच घरात बरं सारखं गळतं!" त्यानंतर हिने या विषयावर तोंड उघडलं नाही. नवरा सोडून गेला तेव्हा दादाने घर दिलं, हे ती दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायची. भाडं इतरांइतकंच देत होती, ते मात्र कधी बोलायची नाही.

दादा महिन्यातून एकदा भाडं न्यायला आणि चहाला यायचा. तो यायच्या आधी ही ओल इस्त्रीने सुकवायची, सुटलेले पोपडे कपड्यांच्या ब्रशने झाडायची आणि डागावर अंगाला लावायची पावडर चोळायची. दादा खुर्चीत ऐसपैस बसून भिंतीकडे बघायचा. "बघ, एकदा काम केलं की कसं पक्कं!" ही म्हणायची, "हो ना दादा." दुसऱ्या दिवशी भिंत परत ओली.

मी तिला चांगली झापली. मी दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसते हे साऱ्या बिल्डिंगला माहीत आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. घर त्याचं, पाणी त्याचं आणि लाज हिला! पण ती मान खाली घालून माझे अभ्रे घडी करत राहिली. तिच्या हातची घडी अशी, की उशीला घालायचं जिवावर येतं.

तिची लेक चष्म्याच्या दुकानात काम करते. पोरगी सरळ आणि फटकळ, म्हणून मला आवडते. एकदा संध्याकाळी ती दिवा लावायला गेली आणि बटणाने तिला असा झटका दिला की बिचारी मागे टेबलावर आदळली. बोर्डाच्या मागूनच पाणी झिरपत होतं. आई तेव्हा फळकुटावर उभी राहून शर्टाला इस्त्री करत होती. लादी ओली असायची म्हणून ती नेहमी फळकुटावरच उभी राहायची.

"आई, आता मामाला सांग."

"सांगते गं, पुढच्या वेळी."

पोरगी पुढच्या वेळेची वाट बघत बसली नाही. दुकानातून सुट्टी घेऊन ती भाडेकरूंच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत गेली. परत आली ती माझ्याकडेच, चेहरा नुसता फुललेला. "काकू, ते म्हणाले, मालक भाऊ असो नाहीतर बाप, भाडं घेतो ना? मग घर राहण्यासारखं ठेवणं त्याचं काम. आणि तक्रार केली म्हणून बाहेर काढता येत नाही. बुधवारी येतायत बघायला. नुसती ओल दिसली की झालं."

कचेरीला मालकाला कळवणं भागच होतं. दादाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "माझ्याविरुद्ध तक्रार? तू?" हे मलासुद्धा स्पष्ट ऐकू आलं. ती फोन कानाला लावून उभी राहिली, आणि कान, गाल, मान, सगळं लाल झालं. धरणीने पोटात घ्यावं असं तोंड मी फार जणींचं पाहिलेलं नाही.

बुधवारी तपासणीच्या बाई आल्या. दादा आला. पोरगी अर्धी रजा टाकून धावत आली. मीही गेले, मला कोण अडवणार? आणि बघते तर काय, भिंत कोरडी ठणठणीत! पावडरीचा वाससुद्धा येत होता. पोरगी भिंतीकडे बघतच राहिली.

"ताई, इथे पाणी येतं का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो," आई लादीकडे बघत म्हणाली. "कोरडंच आहे."

"खोटं बोलतेय ती!" मी म्हटलं.

"तुम्ही इथे राहता का?"

"समोर राहते."

"मग राहणाऱ्यांना बोलू द्या." बाईंनी सवयीने भिंतीवर तळवा टेकला आणि लगेच काढला. "ही गरम का लागतेय?"

"ऊन येत असेल," दादा म्हणाला.

"या बाजूला?"

टेबलावर इस्त्री उभी होती आणि तिच्या शेजारी पिवळट डाग पडलेली ओली चादर. पोरीने ती बघितली. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "आई, मला करंट लागला तेव्हा तू इथेच होतीस ना? तरी आज सकाळी उठून तू हे केलंस?"

आईला तोंड वर करवेना. फळकुटावरून खाली उतरली, परत चढली. मग म्हणाली, "गळतं. सारखं गळतं. मीच वाळवते."

"अगं, पण कशाला?" दादाने विचारलं.

"तुला इथे बसून चहा गोड लागावा म्हणून."

दादाने स्वतः भिंतीला हात लावून बघितला. मग तोही लादीकडे बघायला लागला. बाईंनी लिहून घेतलं आणि त्या गेल्या.

काम झालं. वरची न्हाणी फोडून नवी केली, बोर्ड बदलला, भिंत आता खरोखरच कोरडी असते. दादा अजून येतो. चहा पिऊन लवकर उठतो. दोघंही हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत. दादाचं हे वागणं ती सोसते.

पण त्या बुधवारपासून पोरीने आईकडे कपडे टाकले नाहीत. भांडण नाही, अबोला नाही, जेवणखाण सगळं एकत्र. सकाळी आईच्याच टेबलावर, आईच्याच इस्त्रीने ती आपला कुडता आपण करते. तिला काही ते जमत नाही. दुकानात जायला निघते तेव्हा पाठीवर ही मोठी चुणी पडलेली असते. आई दारात उभी राहून ती चुणी जिन्याच्या वळणापर्यंत बघते, आणि "दे, मी करते," असं म्हणायला तिची जीभ रेटत नाही.